वेनकाकांचा प्रश्न

ईलिंग, लंडन

बाबा,

लांबूनच पाया पडते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुमचा गुडघा कसा आहे?

आमच्या शेजारचे चिनी लेखक, वेनकाका, गेले. सरकारविरुद्ध लिहिल्यामुळे त्यांना आईच्या अंत्यविधीलाही मायदेशी जाता आलं नव्हतं. काल त्यांना निरोप द्यायला आम्ही चौघंच होतो.

तुम्ही लाल बावट्याच्या कामगार युनियनमध्ये आयुष्य घालवलंत हे कळल्यावर ते म्हणाले होते, "क्रांती भुकेल्यांसाठीच होते. पण सत्ता हाती आली की त्यांचंच ओरडणं तिला खुपायला लागतं. तुझ्या वडिलांचा क्रांतीवर अजून विश्वास आहे?"

आई म्हणते, तुम्ही अजूनही युनियनच्या रिकाम्या ऑफिसात एकटेच जाऊन बसता. वेनकाकांचा प्रश्न तुम्हाला विचारायचा राहूनच गेला. उत्तर ऐकायला आता ते नाहीत, पण मला ते हवं आहे.

तुमची,
वैभवी