कचरू दाजींच्या गोळ्या

१० डिसेंबर ९६, पारनेर
न्हाई, मला कुनी धाडलं न्हाई, अन् घरी जेवायची आबाळ हुती म्हनून बी आलो न्हाई. भाची प्रज्ञानं पत्र टाकलं, सहादेवमामा या, दिवसा दादांपाशी कुनी न्हाई. आलो जामखेडहून यष्टीनं. घर झकास, अंगनात ऊन, भाकरी मऊ.
कचरू दाजी म्हंजी माझ्या थोरल्या बहिनीचे मालक, प्रज्ञाचे वडील; ती त्यांना दादा म्हनती. बहीन गेली, यांना कंपवात. उजवा हात मांडीवर बिडी वळल्यावानी हलतो. तोंड लाकडी. मी तीन चुटके सांगितले, हसले न्हाईत. प्रज्ञा म्हनली, मामा, ते आतून हसतात, चेहऱ्याला जमत न्हाई. अवघड हाय बाबा.
वही तिनंच दिली. गोळी दिली की टाइम लिहायचा. सात, अकरा, तीन, सात. यष्टी बी एवढी येळेवर येत न्हाई, मी म्हनलो. मागची पानं मोकळी हायत, तिथं हे माझं लिहितो.

११ डिसेंबर
दाजी उंबऱ्यात थिजले. पाय जिमिनीला खिळलेले. दंड धरून ओढलं, दोघं बी पडलो. प्रज्ञा तापली, ओढू नका म्हनं, थांबा. खडूनं फरशीवर आडव्या रेघा मारल्या, म्हनली दादा, रेघ वलांडा. अन् गडी चालला की! म्हंजी चालता येतं. मग थिजायची सोंगं कशाला?

१२ डिसेंबर
दाजींचा आवाज लई बारीक, कान तोंडाला लावावा लागतो. म्हनले, कॉटवर वली बाई बसलीया, तिला टावेल दे. कॉट रिकामी. माझ्या अंगावर काटा. प्रज्ञा म्हनली, गोळ्यांनी कधी दिसतं असं, डॉक्टरला इचारू. पन आपल्या मनानं बंद करू नका, लई वाईट हुईल. अन् चार दिस नगरला ट्रेनिंगला गेली.
गोळ्यांनी भुतं दिसत्यात तर द्यायच्या कशाला? संडासात टाकल्या. पुढच्या पानांवर टाइम तेवढे लिहितो.

१४ डिसेंबर
बाई गेली. बघा! दाजी गप. घास गिळायला मातर घंटा लागतो.

१५ डिसेंबर
हात हलायचा थांबला. खूश झालो. दुपारी आख्खा मानूसच हलंना. मान उचलाया गेलो, फळीवानी समदं अंगच वर आलं. डोळे उघडे. मिटत न्हाईत.

१६ डिसेंबर, सकाळ
गार लागले. मीच वरडलो, दाजी गेले. शेजारचा बन्सी आला, नाकाशी बोट धरलं, म्हनला संपलं. नगरला फोन केला त्यानं.

नऊ वाजता
आंघोळ घातली. पांढरं कापड. मेनबत्ती. बन्सीनं दाजींचे डोळे मिटले — परत उघडले. माझ्याकडं. डोळ्यातून पानी. शेजारची विमलबाई म्हनती, आंघोळीचं. पुसलं. परत आलं. गरम हुतं.

दहा
बाहेर बांबू बांधत्यात. म्हनलो, प्रज्ञा येस्तवर थांबा. बन्सी म्हनतो, आक्षी बाईमानसावानी काय करता पाव्हनं. सांगावं का — गोळ्या — लोक काय म्हनतील — म्हातारा मारला —

अकरा
आली. रडली न्हाई. छातीला कान लावला. वरडली, जित्ते हायत, टेम्पो आना! मग मला — मामा, गोळ्या कधीपासनं बंद? खरं सांगा, त्यावरच डॉक्टर औषध देनार. सगळे बघत्यात. दाजी बी.
दिल्या म्हनलो. येळच्या येळी. पुढची पानं बघ.
ती आख्खी वही मागती —
मोरीत बसलोय. कडी लावली. दार वाजवती. टेम्पो आला. चुकीचं औषध पडलं तर दादा जातील म्हनती, मामा, पाया पडते —
न्हाई. सांगनार न्हाई. एक शब्द न्हाई. अन् आता लिहिनार बी —