खालच्या गोळ्यात पाणी होते

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, धंदा काचकाम, लग्न न केलेली, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. कुणी भरीस घातलेले नाही, कुणाचा धाक नाही. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने आज सकाळी मी ओढलेली काचनळी पाहून जावी. कुठे केसभरही वाकडी नाही. गल्लीत जिला फुंकणीबाई म्हणतात ती मीच.

१. कॉफीचे दुकान, मागची काचकामाची कार्यशाळा आणि वरच्या दोन खोल्या माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला द्याव्यात. ती रसायनशास्त्र शिकली आहे आणि आत्याला उलट उत्तर देते, म्हणजे धंद्याला लायक आहे. अट एकच. काउंटरवरची दोन गोळ्यांची कॉफीयंत्रे काढून तिथे बटण दाबायचे यंत्र आणू नये.

भाचीने गिऱ्हाइकांना भलता इतिहासही सांगू नये. हे यंत्र युरोपात निघाले, एकशे नव्वद-एक वर्षांपूर्वी. त्याला देखणे रूप दिले एका फ्रेंच बाईने, वर एक गोळा आणि खाली एक. त्या वेळची काच विस्तवावर तडकायची. पुढे उष्णता सोसणारी काच आली तेव्हा कुठे ते घरोघरी गेले. खालचे पाणी दिव्यावर तापले की वाफ त्याला नळीतून वर ढकलते, वर पूड भिजते. दिवा काढला की खालची वाफ निवते, पोकळी होते आणि कॉफी कापडी गाळणीतून खाली ओढली जाते. इतकी स्वच्छ कॉफी दुसऱ्या कशात होत नाही, असे माझे मत आहे, आणि मत बदलायचे माझे वय गेले. आमच्याकडे माणसे प्यायला कमी आणि बघायला जास्त यायची. पाणी वर चढू लागले की तोंडाळ माणूससुद्धा गप्प व्हायचा.

२. फुंकण्या, बर्नर आणि भट्टी भाचीचीच. मोठा चिमटा मावसभावाकडे आहे. "दोन दिवसांत आणून देतो," असे तो म्हणाला त्याला एकोणीस वर्षे झाली. मला शेवटचे पाहायला येताना त्याने हात हलवत येऊ नये.

३. बँकेत जे काही असेल ते समोरच्या घड्याळजींच्या मुलीला द्यावे. का, ते पुढच्या कलमात आहे.

४. हे कलम लिहायला मी तीन वेळा बसले आणि तीन वेळा उठले. वकील म्हणाले, "बाई, हे मालमत्तेचं नाही, इथे नको." मी म्हटले, "मग कुठे लिहू? कपाळावर?"

एकतीस वर्षांपूर्वी काउंटरवर खालचा गोळा फुटला. समोर घड्याळजी वाकून बघत होते. त्यांचा उजवा डोळा गेला, भिंग लावायचा तोच. यंत्र माझा हाच धाकटा भाऊ चालवत होता. कोरडा गोळा दिव्यावर ठेवला तर तो फुटतो, हे या धंद्यात शेंबडे पोरही जाणते. सगळे म्हणाले, याने पाणीच घातले नसणार. भाऊ आधी म्हणाला, "घातलं होतं." मग म्हणाला, "घातलं असेल." वर्षभराने म्हणू लागला, "नसेलच घातलं." त्याने पुन्हा दिवा पेटवला नाही. घड्याळजी असेपर्यंत रोज संध्याकाळी जाऊन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत राहिला.

पाणी घातले होते. मी मागच्या दारातून पाहिले होते.

गोळा फुगवून झाला की तो भट्टीत दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सावकाश निवू द्यायचा असतो. घाईने निवलेल्या काचेत ताण राहतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. भट्टी एकच, कॉलेजच्या चंबूंची खेप खोळंबलेली. मी सकाळीच भट्टीचे दार उघडले. गोळे हाताला गार लागले. गार म्हणजे निवले, अशी मी स्वतःची समजूत घातली. वडिलांनी याच गोष्टीवरून माझ्या हातावर छडी मारली होती, तरीही.

फुटलेल्या गोळ्याबरोबरच केलेला जोडगोळा माझ्या कपाटात आहे. ताण तपासायच्या दोन काळसर काचांमध्ये धरला की बुडाशी रंगांचे पट्टे दिसतात, म्हणजे ताण राहिलेला. ते मी फुटल्याच्या दुसऱ्या दिवशीच पाहिले होते. दुकान बुडेल म्हणून आठवडाभर गप्प बसले. नंतर आठवडाभर का गप्प बसले हे सांगावे लागेल म्हणून गप्प बसले. मला लाज वाटते. मेल्यावर हे वाचले जाईल, म्हणजे त्याला माझ्यावर ओरडताही येणार नाही, हा माझा हिशेबीपणा आहे हेही मला कळते.

५. म्हणून आता असे ठरवते. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील सांगतात. भावाला मी यातून काहीच देत नाही. जोडगोळा आणि त्या दोन काचा आजच त्याच्या हातात देते. तो शेजारच्या खोलीत बसला आहे. त्याने आधी हे सगळे वाचावे आणि मग साक्षीदार म्हणून सही करावी.

सही करण्यापूर्वीची नोंद, माझ्याच हातची:

भाऊ आला. "दे, कुठे सही करू?" म्हणाला. वाचायची गरज नाही, तू लिहिलंस म्हणजे बरोबरच असणार, असेही म्हणाला. मी म्हटले, "वाच." त्याने वाचले. चौथे कलम दोनदा वाचले. गोळा काचांमध्ये धरून खिडकीशी बराच वेळ उभा राहिला. वकील खोकले. मग तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, आई जाताना मला शेवटचं काय म्हणाली माहितीय? तू औषध आणायला खाली गेली होतीस. म्हणाली, 'पाणी बघत जा रे बाळा.'"

पेन टेबलावर ठेवून तो गेला. दार त्याने हळूच लावून घेतले. त्याने ते आपटायला हवे होते.

त्याच्या जागी गल्लीतल्या औषधवाल्यांना बोलावले आहे. मजकुरात काहीही बदललेले नाही.

लिहून देणार: फुंकणीबाई (सही)
साक्षीदार पहिला: वकील (सही)
साक्षीदार दुसरा: औषधवाले, मजकूर न वाचता, फक्त सही होताना पाहिली (सही)
ठिकाण: दुकानामागची कार्यशाळा
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१९