तालमीची घरपट्टी

प्रिय सुकन्या,

सुनेला लिहिताना 'चि. सौ.' लिहायची आपली रीत. पण तसं लिहिलं की पुढचं सगळं उपदेशाच्या सुरात येतं, म्हणून हे 'प्रिय'. हसू नकोस. तू कोल्हारला माहेरी गेलीस आणि काल तुझ्या सुनीलनं सांगितलं, की तू सरपंचपदाचा राजीनामा द्यायचा म्हणतेस. का, तर मामा, म्हणजे मी, ग्रामसभेतून ताडकन उठून गेले, तेव्हापासून बोलत नाहीत, आणि घरातल्यांना दुखवून तुला ते पद नको. वा गं वा. कोण दुखावलंय ते आधी मला तरी विचारायचं.

आधी भांडणाचं बोलतो. तालमीची घरपट्टी माफ व्हायला पाहिजे, हे माझं म्हणणं आजही तसंच आहे. पोरांकडून एक पैसा न घेता आपण कुस्ती शिकवतो. जी पोरं संध्याकाळी बेलापूरच्या रस्त्यावर गुटखा चघळत बसली असती, ती आपल्याकडं जोर-बैठका काढतात. हे काम खरं तर गावाचं. ते आम्ही फुकट करायचं आणि वर गावालाच पट्टी द्यायची, हा कुठला न्याय? ग्रामपंचायतीला दिलेल्या अर्जात हेच लिहिलं होतं आणि तालीम मंडळाचा अध्यक्ष म्हणून पहिली सही माझी होती. सरपंच घरातलीच आहे, काम झालं समजा, असं मंडळातले सगळे धरून चालले होते. खोटं कशाला बोलू, मीही.

ग्रामसभेत तू आखाड्याची पट्टी माफ केलीस, आणि तालमीवरच्या मंगल कार्यालयाची अन् रस्त्याकडच्या गाळ्यांची मात्र कायम ठेवलीस. भाडं घेता, मग त्या जागेची पट्टी भरा, म्हणालीस. मी म्हणालो, ते भाडं पोरांच्या खुराकालाच जातं. त्यावर तू म्हणालीस, खुराक द्याच. पण आज तालीम, उद्या देऊळ, परवा पतसंस्था, सगळ्यांनीच भाडं खाऊन माफी मागितली, तर गावच्या दिवाबत्तीचा खर्च पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या भीमाबाईनं उचलायचा का? ती लोकांच्या रानात खुरपायला जाते आणि मार्चच्या आत पट्टी भरते. तेवढ्यात मागून भीमाबाईच बोलली, "व्हय, भरते मी. माझं काय मंडळ न्हाई." सगळी सभा हसली. तिला द्यायचं उत्तर मी अजून शोधतोय.

दुसऱ्या दिवशी मंडळातले दोघे-चौघे घरी आले. सुनेनं भर सभेत सासऱ्याचा पाणउतारा केला, म्हणाले. मी त्यांना चहा पाजला आणि म्हणालो, तिनं काही खोटं सांगितलं असतं तर पाणउतारा झाला असता. चहा पिऊन निघून गेले बिचारे. तुझी सासू मात्र गप्प बसत नाही. "तुमी तोंड उघडलं न्हाई म्हनून पोर गेली. आता आना तिला, न्हाईतर भाकरी तुमीच थापा," असं तिनं बजावलंय.

तर आता ऐक, मी का उठून गेलो. मी बोलायला उभा राहिलो, तेव्हा सवयीनं तू पदर सावरत खुर्चीतून अर्धी उठलीस. या घरात आल्यापासून तू माझ्यासमोर खुर्चीवर कधी बसली नाहीस, आणि बस म्हणायचं आम्हालाही कधी सुचलं नाही. मग तू थांबलीस, गावाकडं पाहिलंस आणि परत खाली बसलीस. बसूनच म्हणालीस, अध्यक्षसाहेब, बोला. तिथंच मनात म्हणालो, शाब्बास. आणि वर तुझ्याशी भांडलो. तू निकाल दिलास तेव्हा डोळे भरले, आणि समोर तालमीची सगळी पोरं बसलेली. वस्तादानं त्यांच्यासमोर रडायचं कसं? म्हणून निघालो. घरीही तुला पाहिलं की तेच व्हायला लागलं, म्हणून बोललो नाही. मला तुझा लई अभिमान वाटतो, पोरी. राजीनामा देऊ नकोस. तुझ्या निकालावर मी पंचायत समितीकडं अपील करतोय. तिथं समोर तूच पाहिजेस. दुसरा कुणी सरपंच असला तर मी जिंकेनही. पण त्यात काय मजा?

तुझाच,
मामा