धुलाई विभागातील जबाबावरची माझी सही मागे घेण्याबाबत

प्रति,
श्रीमती जोआन ॲबरनेथी,
संचालक, मनुष्यबळ विभाग,
जिल्हा रुग्णालय, हॅझेल क्रॉसिंग, मॅनिटोबा.

विषय : श्रीमती एर्लिंडा माग्बानुआ यांच्याविरुद्ध मी दिलेला साक्षीचा जबाब खोटा असल्याने तो रद्द करून मला सुनावणीत समक्ष बोलू देण्याबाबत.

संदर्भ : १) माझा दि. १८ नोव्हेंबरचा जबाब. २) श्रीमती माग्बानुआ यांच्या बडतर्फीवरील अपिलाची सुनावणी, दि. २७ फेब्रुवारी.

महोदया,

१. मी मार्लिस डॅनिलुक, आपल्या रुग्णालयाच्या धुलाई विभागात एकोणीस वर्षे कामाला आहे. या काळात मी आपल्या कार्यालयाकडे एकही अर्ज केलेला नाही, त्यामुळे लिहिण्यात काही कमीजास्त झाल्यास समजून घ्यावे. संदर्भ क्र. १ च्या जबाबात असे लिहिले आहे की, "श्रीमती माग्बानुआ यांनी पर्यवेक्षक श्री. गार्थ लिंडक्विस्ट यांना दोन्ही हातांनी ढकलले व ते खाली पडले, हे मी डोळ्यांनी पाहिले." यातले ते खाली पडले एवढेच खरे आहे. बाकीचे खोटे आहे हे ठाऊक असताना मी त्यावर सही केली.

२. दि. १७ नोव्हेंबरला जे घडले ते असे. चादरींना इस्त्री करणाऱ्या मोठ्या रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी असते. बोटे फार जवळ गेली की तिला धक्का लागून रोलर थांबतो. चादर जाड असली तरी तो थांबतो, आणि मग कपड्यांच्या गाड्या तुंबतात. श्री. लिंडक्विस्ट यांनी ती पट्टी हँगरच्या तारेने वर बांधून टाकली होती. सकाळी साडेसातला एर्लिंडाने ती पाहिली आणि रोलर बंद केला. श्री. लिंडक्विस्ट आले आणि म्हणाले, "कुणी बंद केला? वर तिसऱ्या मजल्यावर पेशंट उघड्या गादीवर पडलेत, आणि तुम्हा बायकांना इथं सुट्टी हवी!" ती म्हणाली, "मिस्टर लिंडक्विस्ट, तार काढा, मी लगेच चालू करते." ते म्हणाले, "तू मला शिकवणार?" आणि त्यांनी तिच्या हातातली ओली चादर हिसकली. तिने ती सोडून दिली. फरशीवर पाणी होते, श्री. लिंडक्विस्ट पाठीवर आपटले. कोणी हसले नाही. कोणी हसले असते तर बरे झाले असते असे मला पुढे अनेकदा वाटले, कारण त्या शांततेने त्यांचा चेहरा जसा झाला तसा मी कधी पाहिला नव्हता.

३. श्री. लिंडक्विस्ट यांच्याविषयी माझ्या मनात पूर्वीपासून आकस आहे असा समज होऊ नये, म्हणून हेही लिहिते. तीन वर्षांपूर्वी माझे पती लॉयड यांची मूत्रपिंडे निकामी झाली. सोमवार, बुधवार, शुक्रवार दुपारी तीन वाजता त्यांना डायलिसिसला न्यावे लागते. मी श्री. लिंडक्विस्ट यांना सांगितले, तेव्हा तासाभरात त्यांनी मला कायमची सकाळची पाळी दिली. "लॉयडला सांभाळ, इथलं मी बघतो," असे ते म्हणाले. हे मी विसरलेले नाही, आणि त्यांनीही मला विसरू दिले नाही. गेल्या वर्षी विभागातली कामगारांची संख्या नऊवरून सहा झाली आणि चादरी तेवढ्याच राहिल्या. त्यानंतर त्यांचा स्वभाव पालटला. बसायची स्टुले त्यांनी कोठीत कुलूपबंद केली. शौचालयाला जाण्यायेण्याची वेळ फळ्यावर मांडायला लावली. माझ्यासोबत काम करणारी ओडेट शार्ट्रां आणि मी एकदा हसलो, तर दोघींकडून हसण्याचे कारण लेखी घेतले. मी "ओडेटच्या मांजराविषयी" असे लिहिले. तो कागद माझ्या फाइलीत असेल, आपण पाहू शकता. एर्लिंडाशी ते पाच आठवडे बोलले नाहीत. ती समोर उभी असताना मला म्हणायचे, "मार्लिस, तिला सांग, टॉवेल आधी." मी वळून तिला सांगायचे, "टॉवेल आधी." हे मी रोज केले आहे.

४. दि. १८ नोव्हेंबरला त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावले. जबाब टाइप करून तयार होता. मी म्हणाले, "गार्थ, तिने ढकललं नाही." ते ओरडले नाहीत. त्यांनी पुढच्या महिन्याचा पाळीचा तक्ता काढला, माझ्या नावावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "दुपारच्या पाळीला माणूस कमी आहे. कुणाला टाकू, कळत नाही बघ." मग पेन माझ्याकडे केले. मी सही केली. एर्लिंडाला दोन दिवसांनी काढण्यात आले. घरी मी लॉयडना यातले काही सांगितले नाही. विचारले तेव्हा, ती आपणहून गेली, असे सांगितले.

५. तार तशीच राहिली. एर्लिंडाच्या जागेवर ओडेटला उभे केले. तिचे वय एकसष्ट आहे. परवा, दि. १० फेब्रुवारीला, उशीच्या अभ्र्याच्या शिवणीत तिची बोटे अडकली आणि उजवा हात मनगटापर्यंत रोलरखाली गेला. बंद करायचे बटण दाबणारी मी होते. दाबायला मला किती वेळ लागला हे मला सांगता येत नाही. तिची दोन बोटे राहणार नाहीत असे डॉक्टर म्हणतात. दुपारी मी यंत्राकडे परत गेले तेव्हा तार काढलेली होती आणि पट्टी जागच्या जागी होती.

६. काल सकाळी श्री. लिंडक्विस्ट यांनी मला पुन्हा खोलीत बोलावले. पुन्हा टाइप केलेला जबाब. "पट्टी सुस्थितीत होती. श्रीमती शार्ट्रां बोलण्यात गुंग होत्या." कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला. म्हणाले, "मार्लिस, हे वर गेलं तर मी संपलो. तुझ्यासाठी मी काय केलंय ते आठव." मी एक दिवस मागून घेतला. तो कागद आजही माझ्याकडेच आहे.

७. काल दुपारी लॉयडना डायलिसिसच्या खुर्चीवर बसवून मी त्यांना सगळे सांगितले. ते म्हणाले, "मी इथे आठवड्याला बारा तास पडून असतो ते जगायला. माझं नाव पुढे करून कुणाचा रोजगार घालवू नकोस. मला नगरपालिकेच्या गाडीनं येता येतं." मी तिथूनच एर्लिंडाच्या घरी गेले. सध्या ती शेजाऱ्यांची मुले सांभाळते. तिने मला आत बोलावले नाही. मी दारातच सांगितले. ती म्हणाली, "मला माहीत होतं. तुझी सही ओळखते मी, वाढदिवसाच्या कार्डावर असते." मी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी मला नको. ओडेटला आधी भेट. आणि जे लिहायचं ते त्याच्यासमोर बोलून दाखव, नाहीतर तो म्हणेल, बाई घाबरून लिहिते." एवढे बोलून तिने दार लावले. मी ओडेटला भेटले. ती औषधाच्या गुंगीत होती. डाव्या हाताने माझा हात धरून तिने मलाच विचारले, "तुला लागलं नाही ना गं?"

८. आज सकाळी मी श्री. लिंडक्विस्ट यांना सांगितले की मी सही करणार नाही आणि आपणास लिहीत आहे. दहा वाजता नवा तक्ता लागला. सोमवारपासून माझी पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. त्याबद्दल मी या अर्जात काही मागत नाही.

९. माझे मागणे एवढेच. माझा १८ नोव्हेंबरचा जबाब रद्द समजावा. खोटी साक्ष दिल्याबद्दल जी कारवाई नियमात असेल ती माझ्यावर करावी, एकोणीस वर्षांच्या नोकरीचा विचार त्यात करू नये. रोलरची बाहेरच्या निरीक्षकाकडून तपासणी होईपर्यंत त्यावर कोणालाही उभे करू नये. आणि २७ तारखेला मला नुसते कागदावर ठेवू नये. श्री. लिंडक्विस्ट आणि एर्लिंडा दोघेही ज्या खोलीत असतील, त्याच खोलीत मला बोलू द्यावे. मला बोलायची सवय नाही. वेळ लागेल. तेवढा वेळ मला मिळावा.

चुकीची सही केलेली आणि आता ही सही जाणूनबुजून करणारी,

मार्लिस डॅनिलुक
धुलाई विभाग
दि. १२ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) ओडेट शार्ट्रां यांच्या अपघाताविषयी माझ्या नावाने टाइप केलेला जबाब, सहीची जागा कोरी.
२) आज लागलेल्या पाळीच्या तक्त्याची प्रत.
३) हँगरची तार. ती पर्यवेक्षकांच्या खोलीतील कचऱ्याच्या डब्यात मला मिळाली.