दुसरा गिअर आणि माझा डावा पाय

बुधवार, संध्याकाळ. थंडी कडक.

थंडी पडल्यापासून एकच ऐकतेय, "क्लच पूर्ण दाबा." सकाळी अणदूरहून शाळेला निघाले की आमची जुनी गाडी दुसऱ्या गिअरला खर्रकन ओरडते. जळकोटला पोचेपर्यंत ती तापते आणि गिअर अलगद पडतो. मग तिथल्या मिस्त्रीला दोष कुठं दिसणार? माझ्या पायात! घरी यांचंही तेच. आणि मीही मुकाट आपल्याच पायाकडं बघत राहिले, त्याचाच जास्त राग येतोय.

काल गाडी मुद्दाम मिस्त्रीच्या दारात ठेवून एसटीनं घरी आले. आज सकाळी गार गाडी त्यालाच चालवायला लावली. खर्रर्र! आता कुणाचा पाय होता? त्यानं गिअरबॉक्सचं तेल बोटावर घेतलं, तर काकवीसारखं घट्ट. "मॅडम, हे तर ट्रॅक्टरचं तेल हाय. कुणी ओतलं?"

कुणी म्हणजे? दिवाळीत यांनीच! फोन करून विचारलं तर म्हणाले, "डब्यात उरलं होतं, वाया कशाला घालवायचं?" चुकलो म्हणून एक शब्द नाही.

मिस्त्रीनं तेल बदलून दिलं. संध्याकाळी यांनी गावात एक चक्कर मारली आणि उतरताना मलाच म्हणाले, "बघ, क्लच पूर्ण दाबला की कसा पडतो गिअर!"