इंटरनेटवर उपरणं

२ फेब्रुवारी २००४
वाचनालयात इंटरनेट आलं! अध्यक्ष काकासाहेबांनी नारळ फोडला. पाणी यंत्रावर उडालं म्हणून ग्रंथपाल इंद्रभान केवढ्यानं ओरडला! मला मात्र धास्ती. पेपरात वाचलं आहे — त्यात वाईट चित्रं असतात. आणि आमची नात गोपिका शाळा सुटली की तिथंच! कमिटीवर आहे मी. उद्याच सांगतो — लेकरांना बंदी करा.

३ फेब्रुवारी
सांगितलं. रविवारी बैठकीत ठरणार. गोपिका जेवली नाही. "आबा, तुम्ही पाह्यलं तरी का काय असतं त्यात?"
नाही पाहिलं.

५ फेब्रुवारी
गोपिकाच्या शेजारी जाऊन बसलो. पडद्यावर एक बाई पाण्यात उडी मारताना — अंगावर एवढंसं कापड! मी उठून पडद्यावर उपरणंच टाकलं.
"आबा, ती पोहून राह्यली! शर्यत हाय ती!"
सगळे हसले. मग म्हणाली, "तुम्हाला काय पाह्यचं?" म्हणालो, मेंढरं. आली की! कुठल्या तरी बर्फाच्या मुलखातली, लोकर जमिनीला टेकलेली. मागं म्हातारा, काठीवर भार टाकून, एक पाय दुमडून — बराबर आमच्या बापासारखा उभा!
"इचार त्याला, लाळ-खुरकूत येतो का तिकडं?"
"आबा, फोटो हाय तो!"
घरी येईपर्यंत हसू थांबेना.

८ फेब्रुवारी
बैठक. काकासाहेब म्हणाले, "बोला मल्हारीबुवा, तुमचाच विषय." म्हणालो, "बंदी नको. मोठं माणूस शेजारी असलं म्हंजे झालं."
"मंग बसा तुम्हीच!" काकासाहेब म्हणाले.
दाराआड गोपिकानं टुणकन उडी मारली. बसतो खरा — पण डुलकी लागली तर?

१२ फेब्रुवारी
दुपारी पोरं शाळेत. मेंढरं पाहावी म्हणून एकटाच गेलो. इंद्रभान लावून देऊन चहाला गेला. कुठंतरी बोट दाबलं गेलं — एक उघडी बाई आली! घालवायला पुन्हा दाबलं — चार आल्या! उपरणं टाकलं आणि त्यावर हात दाबून बसलो. शेजारच्या बायनाबाई पेपर वाचायला आल्या. "भावजी, यंत्राला ताप आला का?" इंद्रभान परत आला तरी शाळा सुटेपर्यंत जागचा हललो नाही.
गोपिकाला म्हणालो, "डोळे मिटून बंद कर."
"मिटून कसं दिसंल, आबा?" आणि यंत्राचं खालचं बटणच दाबलं तिनं. गेलं सगळं!

१५ फेब्रुवारी
भिंतीवर नवा नियम लागला. 'लेकरांनी खुशाल बसावे. साठीपुढच्या माणसाने लेकरू सोबत असल्याशिवाय बसू नये.'
ठराव मीच मांडला.