वरचं डॉक्युमेंट्स, खालचं डॉक्युमेंट्स

तीर्थरूप भावोजींना,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात अर्धाच घालता येतो, उरलेला कागदावर पोचला असं समजावं.)

आपली कंबर कशी आहे, घरातल्या फरश्या बसवून झाल्या का, ताई लेकीकडून परतली का, हे तिन्ही प्रश्न मी गेले बारा दिवस रोज फोन हातात धरून मनातल्या मनात विचारतो आहे. फोन लावला मात्र नाही. तुम्ही "बोल" म्हणाला असतात तर काय बोलायचं, हे मला ठाऊक होतं, पण तोंड नव्हतं. म्हणून पत्र. तेही हाताने लिहितो आहे, कारण हल्ली कॉम्प्युटरसमोर बसलं की कान गरम होतात.

चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून माझी नजर कशी झाली आहे, हे आपण जाणताच. मला दुकानाच्या पाटीवरचा चुकीचा ऱ्हस्व चालत्या बसमधून दिसतो. (समोरून येणारा ओळखीचा माणूस दिसत नाही, ही हिची तक्रार वेगळी.) निवृत्तीनंतर त्याच आठवणींचं पुस्तक लिहायला घेतलं, त्याला आता सहा वर्षं होतील. पुरं होईपर्यंत ते कोणीही वाचायचं नाही, असा मी घरात दंडक घातला होता. घरात आम्ही दोघंच, आणि हिला वाचण्याची हौस नाही, त्यामुळे दंडक आपोआप पाळला जात होता. मग आपल्या घराच्या फरश्या उखडल्या आणि आपण तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे आलात. दुपारी मी पडलो की आपण कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडून बसायचात. माझी मुळीच हरकत नव्हती. खरं सांगायचं तर भिंतीपलीकडून माउसची टिकटिक ऐकू आली की मला छान झोप लागायची.

आपण आल्यानंतर आठवड्याभराने मला त्या पडद्यावर डाव्या बाजूला डॉक्युमेंट्स नावाचे दोन फोल्डर दिसले. एक वर, एक खाली. वरच्यात माझी सगळी प्रकरणं होती. खालचं उघडलं, तर तिथेही तीच सगळी. ते खालचं पूर्वीपासून तिथेच असणार. पण मी सहा वर्षं वरच्यावरच काम भागवलं होतं आणि खाली कधी नजर टाकली नव्हती. (नजरेबद्दल वर जे लिहिलं आहे, ते कृपया पुन्हा वाचू नये.) आता मला वाटलं, कोणीतरी माझ्या पुस्तकाची नक्कल करून ठेवतं आहे. नुसतं वाटून थांबलो असतो तर बरं होतं, पण मी सापळा लावला. वरच्या तिसऱ्या प्रकरणात "परीक्षा" हा शब्द मुद्दाम "परिक्षा" असा लिहिला आणि लगेच खालचं प्रकरण उघडलं. तिथेही "परिक्षा". वेळही तीच, चार वाजून दहा मिनिटं. वास्तविक चार वाजून दहा मिनिटांनी आपण शेजारच्या खोलीत घोरत होतात आणि कॉम्प्युटरसमोर एकटा मी होतो. त्यावरून शहाण्या माणसाने काय ते ओळखलं असतं. मी असं ओळखलं की आपलं घोरणं खोटं आहे. शिवाय ताईच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत आपण "आशिर्वाद" लिहिला होता, तो मला अठरा वर्षांनी आठवला.

त्यानंतर जेवणाच्या टेबलावर मी जे बोललो ते इथे पुन्हा लिहिलं तर कागद खराब होईल. तरी लिहितो, कारण मी काय बोललो हे मला समजलं आहे, एवढं तरी आपल्याला कळावं. "काही लोकांना स्वतःचं आयुष्य नसतं, म्हणून ते दुसऱ्याचं उतरवून घेतात," असं मी म्हणालो. आपण चमचा खाली ठेवलात आणि विचारलंत, "मला म्हणतोस?" मी म्हणालो, "या घरात परीक्षा चुकीची लिहिणारं दुसरं कोण आहे?" तेव्हा आपण अगदी हळू आवाजात म्हणालात, "औषधांच्या दुकानात मी चाळीस वर्षं डॉक्टरांचं अक्षर वाचलं. तुझं वाचायला मला चोरी कशाला करावी लागेल? तू दिलं असतंस तर वाचलं असतं."

एवढ्यावरही मी थांबलो नाही. उठलो, आपल्याला खांद्याला धरून कॉम्प्युटरपाशी आणलं, आणि आपल्यादेखत ते खालचं सगळं निवडून पुसून टाकलं. आपण आपल्या खोलीत गेलात. मग मी विजयी मुद्रेने वरचं उघडलं. तेही रिकामं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण गेलात. पांघरुणाची घडी उशीवर नीट ठेवलेली होती. हिच्या गोळ्यांच्या सातही खणांवर आपल्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. मी त्या तपासल्या, भावोजी. एकही चूक नव्हती.

दोन दिवसांनी मागच्या गल्लीतल्या कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाई आल्या. मी त्यांना चोरीपासून सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुम्हाला घरात अहो म्हणतात आणि छापखान्यात साहेब म्हणत असतील. म्हणून तुम्ही दोन माणसं झालात का? फोल्डर एकच आहे. नुसता दोन ठिकाणी दिसतो." मी विचारलं, म्हणजे नक्कल कोणीच केली नव्हती? त्या म्हणाल्या, कोणीच नाही. पुस्तकाचं विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली.

भावोजी, मी चुकलो. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खुणा केल्या. ही माझी स्वतःची, आणि हिला समासात जागा पुरत नाही.

आपला अपराधी मेहुणा

ता. क. एक विचारायचं राहिलं. आपण चोरी केली नाहीत हे मी आता शपथेवर सांगू शकतो. पण चुकून, अगदी चुकून, केली असलीत, एखाद्या दुपारी चार पानं जरी उतरवून घेतली असलीत, तर माझ्यावर फार उपकार होतील. ती पानं घेऊन आपण स्वतःच यावं. पोस्टाने पाठवू नयेत, पानं गहाळ होतात.

ता. क. दुसरा (हा माझा, म्हणजे त्यांच्या बायकोचा). पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. भावोजी, पुस्तक कुठेही गेलेलं नाही. त्या बाईंनी मान हलवली ती हसू दाबण्यासाठी, आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र उघडून सगळं पाच मिनिटांत परत काढून दिलं. तेव्हापासून हे रोज त्यावर काम करतात. तुम्हाला बोलवायला यांना काहीतरी निमित्त हवं होतं, एवढंच.

मला वाचायची हौस नाही असं यांना वाटतं. मी सगळं वाचलं आहे. नवव्या प्रकरणात यांनी एका जिवंत माणसाचं नाव निधनवार्तेत जाऊ दिलं, त्याची हकिकत आहे. यांची नोकरी जाणार होती. तेव्हा तुम्ही यांच्याबरोबर त्या माणसाच्या घरी गेलात आणि म्हणालात, "चूक मेहुण्याची आहे, पण माफी आम्ही दोघं मागतो." त्यावर यांनी बावीस पानं लिहिली आहेत. ती तुमच्या नजरेला पडू नयेत म्हणूनच यांचा सगळा जीव वर-खाली होत होता. मी ती छापून सोबत जोडली आहेत. यांना माहीत नाही.

वाचून झालं की या. वन्संनाही आणा.